अर्ध्या तासाचे दुधाटे सर

दुधाटे सर सभागृहात बोलायला उभे राहणार होते त्या संध्याकाळी मी खटपट करून सभागृह भरवलं. ही माझी चूक.

आमदाराचं भाषण ऐकायला माणसं गोळा करणं हे स्वीय सहायकाचं कामच समजलं जातं. मीही तसंच समजलो. उपाहारगृहात बसलेल्यांना उठवलं, लॉबीत सुपारी कातरत उभे असलेल्यांच्या हातापाया पडलो, आमच्या बाजूच्यांना सांगितलं, समोरच्यांनाही सांगितलं. "सरांचा विषय आहे, याच." आले सगळे. दुधाटे सरांना मात्र रिकामं सभागृह हवं असायचं. त्यांची बॅग दोन वर्षं वाहूनही हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. बॅग वाहणाऱ्याचं लक्ष बॅगेत काय खायला आहे तिकडं असतं.

एकनाथ दुधाटे शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून विधान परिषदेत गेले तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि चिकलठाण्याच्या माळावर एकेका कारखान्याचं छप्पर चढत होतं. मी त्यांच्याच शाळेत कारकून होतो. माझं टायपिंग बरं होतं आणि अक्कल बेताची, त्यामुळं सांगितलं तेवढंच करेल, या भरवशावर सरांनी मला सोबत घेतलं असावं. ते मला 'उपसचिव' म्हणत. मग सचिव कोण, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "ती जागा रिक्त आहे. पात्र उमेदवार मिळाला नाही."

सरांचे वडील मेंढरं राखायचे. सरांनीही लहानपणी राखली. पुढं ते शिकले, मास्तर झाले, धोतरावर काळा कोट चढवून मुंबईच्या आणि नागपूरच्या सभागृहात जाऊन बसले, पण चालण्यातला धनगर काही गेला नाही. विधानभवनाच्या गुळगुळीत व्हरांड्यातसुद्धा चार पावलं टाकली की थांबायचे, मागं वळून बघायचे. मागं मी एकटाच असायचो. मग पुढं चालायचे. सुरुवातीला मला वाटायचं, सर माझी काळजी करतात. नंतर कळलं, मी नसतो तरी ते वळूनच बघतात.

सभागृहात प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा असते. 'अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' उत्तरंही ठरलेली. 'हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' आणि सगळ्यांत लाडकं उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.' ही भाषा सरांच्या इतकी अंगात मुरली की गुलमंडीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांतही तीच चालायची. ताटावर बसले की म्हणायचे, "आमटीत मीठ नाही, हे खरे आहे काय?"

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चुलीपुढून म्हणायच्या, "अंशतः खरे आहे."

"असल्यास, कोणती कार्यवाही करणार?"

"मिठाची बरणी तुमच्या उजव्या हाताला आहे. प्रश्न उद्भवत नाही."

काकू शाळेच्या पायरीवर चढल्या नव्हत्या, पण त्यांना मंत्री केलं असतं तर सरांची पंचाईत झाली असती.

आता रिकाम्या सभागृहाचं सांगतो. एखाद्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर सदस्य अर्ध्या तासाची चर्चा मागू शकतो. ती मिळाली तर दिवसाच्या अगदी शेवटी मिळते. पत्रकार बातम्या द्यायला गेलेले असतात, सदस्य पांगलेले, गॅलरीत पंखे तेवढे फिरत असतात. सभापतींच्या खुर्चीत तालिकेवरचा, म्हणजे त्यांच्या जागी बसायला नेमलेल्यांच्या यादीतला कुणीतरी सदस्य बसलेला असतो आणि तो घड्याळाकडं बघत असतो. सभागृह चालवायला लागतात तेवढी माणसं हजर नसतात, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. बाकीचे सदस्य या अर्ध्या तासाला शिक्षा समजायचे. सर त्यासाठी दिवसभर थांबायचे.

वेरूळच्या बाजूला एका शाळेचं छप्पर उडालं होतं. उत्तर आलं होतं, 'हे खरे नाही.' सर संध्याकाळच्या अर्ध्या तासात उभे राहिले. समोर मंत्री एकटे, मागं दोन अधिकारी जांभया देत. सर आवाज न चढवता म्हणाले, "मंत्रिमहोदय, आपण शिकलात ती शाळा कशी होती?" मंत्र्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि ते आपल्या शाळेबद्दल बोलायला लागले. बोलता बोलता म्हणाले, "सर, छप्पर नाही म्हणता तर नसेल. करून देतो." संपलं. सभागृहात मंत्री एकदा 'करतो' किंवा 'तपासतो' म्हणाला की ते आश्वासन होतं, आणि ते पुरं झालं का हे बघायला आमदारांची एक समिती असते. ती खात्याच्या मागं लागते. सरांची सगळी आमदारकी त्या एका शब्दासाठी होती. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, आज कुणी ऐकायलाच नव्हतं." सर म्हणाले, "म्हणून तर बोलला बिचारा." हे त्यांनी इतकं स्पष्ट सांगूनही मला कळलं नाही, म्हणजे बघा.

पुढं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पैठणच्या अलीकडं कळमवाडी नावाचं गाव आहे. तिथली बौद्धांची वस्ती जळाली. कळमवाडी सरांचं गाव.

त्या वस्तीतली कडूबाई एक दिवस सरांच्या दारात आली. वस्तीतली माणसं जीव घेऊन शहराकडं पळाली होती आणि चिकलठाण्याला एका कारखान्याच्या भिंतीमागं, नाल्याच्या काठावर पाल ठोकून राहत होती. कडूबाई त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. काकूंनी आत बोलावलं तरी ती उंबऱ्याबाहेरच बसली.

"सर, घरासाठी अर्ज केला तर कचेरीतले म्हनतात, तुमी सगळे गावात परत गेलाव. घरं बांधून भेटली तुमाला. आमी कवा गेलो वो?"

सरांनी विचारलं, "येक बी घर गेलं नाय?"

"कुठं जाणार? जागेवर राख हाय. हिरीवर पाय ठिवू देत न्हाईत. आन कागदावर आमी तितं नांदतोय म्हनं."

सर मला म्हणाले, "उपसचिव, कागद घ्या."

प्रश्न गेला. छापील उत्तर आलं, 'सर्व कुटुंबे गावात परत गेली आहेत. प्रश्न उद्भवत नाही.' घरी 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणायचं त्या दिवसापासून बंद झालं. काकूंच्या तोंडून एकदा चुकून निघालं तेव्हा सर ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घासही घेतला नाही त्यांनी.

त्याच आठवड्यात सरांचा धाकटा भाऊ गावाहून आला. अजून मेंढरं राखायचा. भिंतीला टेकून बसला आणि चहा बशीत ओतून बशीकडंच बघत बोलला.

"दादा, तुमी तितं ईचारलं म्हनं कळमवाडीचं. पेपरात आलंय."

"ईचारलं."

"गावात आमाला ऱ्हायचंय, दादा. तुमी हितं. पोरींची लगीन व्हायचीत माज्या."

"व्हय." भावाशी आणि कडूबाईशी बोलताना सर गावचे व्हायचे. मुंबईतलं त्यांचं मराठी इस्त्री केल्यासारखं असायचं.

भाऊ जरा वेळानं म्हणाला, "त्या टायमाला मी मेंढरामागं व्हतो. लांब. मला काय बी ठावं नाय."

सर म्हणाले, "म्या ईचारलं नाय तुला."

भावानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. जिना उतरून गेला तो परत कधी त्या घरात आला नाही. सर खिडकीशी उभे राहून तो रस्त्याच्या वळणावर जाईपर्यंत बघत होते. भावानं मागं वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासाची चर्चा मंजूर झाली ती अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी. ज्यांच्या खात्यानं ते छापील उत्तर दिलं होतं त्या मंत्र्यांशी दुपारी लॉबीत सरांना बोलताना मी लांबून बघितलं. मंत्री मान हलवत होते. मला वाटलं, एवढा मोठा विषय, सरांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भाषण, आणि ऐकायला कोण, तर पंखे? मी कामाला लागलो. त्याचं काय झालं ते आता सांगतो.

सर उभे राहिले आणि भरलेली बाकं बघून क्षणभर त्यांना काही उमजेना. मग त्यांनी सुरुवात केली. कळमवाडी हे नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडतंय तोवर मागच्या बाकावरून कुणीतरी नामांतराचं काढलं. समोरून कुणीतरी मराठवाड्याच्या अस्मितेचं काढलं. मग दोन्हीकडचे उठले. मी ज्यांच्या हातापाया पडलो होतो ते सगळे मनापासून ओरडत होते. मंत्री सुरुवातीला सरांकडं बघत होते. इतकी माणसं बघून ते ताठ बसले, छापील उत्तर हातात घेतलं आणि कुणाला ऐकू येत नसताना ते जसंच्या तसं वाचून काढलं. तालिका सभापतींनी घंटा वाजवली, परत वाजवली, आणि बैठक स्थगित केली. सगळे उठून गेले तरी सर हातात टिपण घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी अधिवेशन संपलं आणि त्याबरोबर ती चर्चाही बाद झाली.

सर मला उपाहारगृहात घेऊन गेले. चहा सांगितला.

"माणसं तुम्ही जमवली, हे खरे आहे काय?"

मी म्हणालो, "होय."

पुढचं 'असल्यास' आलंच नाही. त्यांनी साखर ढवळली. "तपासतो म्हणणार होता तो आज," ते म्हणाले. "एवढ्या माणसांदेखत आपलं चुकलं असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल?"

मी तर आत्ताच म्हणालो होतो, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. माझ्यासारख्यालाही तेवढं कळलं.

परत आल्यावर मुख्याध्यापकांचं एक मंडळ सरांच्या घरी आलं. सगळे सरांचे मतदार. पैकी एक ज्येष्ठ होते, सरांबरोबरच नोकरीला लागलेले. ते म्हणाले, "एकनाथराव, आमचं वेतनश्रेणीचं बोला, अनुदानाचं बोला. वस्त्यांचं बोलायला दुसरे आहेत."

सर म्हणाले, "अनुदानाचं बोललो की. तुमच्या शाळेचं सुटलं ना?"

"सुटलं. म्हणून तर सांगायला आलो. नाहीतर न सांगता पाडलं असतं."

सर हसले. मीही हसलो, पण मी एकटाच जास्त वेळ हसत राहिलो.

नंतरची अधिवेशनं चिठ्ठ्यांत गेली. कुणाची चर्चा घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि सरांची चिठ्ठी कधी निघाली नाही. दर वेळी ते सूचना द्यायचे, दर वेळी मी टाइप करायचो. परत आलो की सर बस पकडून चिकलठाण्याला जायचे आणि यंदा झालं नाही, असं कडूबाईला स्वतः सांगून यायचे. मी म्हणायचो, निरोप धाडू. ते म्हणायचे, "नाही झालं हे निरोपानं सांगायचं नसतं."

मुदत संपली. वरच्या सभागृहात निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप द्यायची पद्धत आहे. त्या दिवशी भांडण नसतं. जन्मभर एकमेकांवर ओरडलेली माणसं एकमेकांच्या आवाजाची तारीफ करतात, निवृत्त होणारा चार शब्द बोलतो, त्याला कुणी अडवत नाही, आणि मग सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. निवडणूक आपण हरणार हे सरांना तेव्हाच कळलेलं होतं. पुढं हरलेही. ते बोलायला उठले. सभापतींचे आभार मानले, शिपायांचे मानले, उपाहारगृहातल्या चहावाल्याचे मानले. मग म्हणाले, "माझ्या गावाबद्दल दोन शब्द बोलतो." आणि कळमवाडीतून पळालेल्या एकेका घराच्या कर्त्याचं नाव घ्यायला लागले. नाव घ्यायचे, थांबायचे, पुढचं नाव घ्यायचे. कडूबाईचा नवरा पळापळीनंतर आजारात गेला होता, म्हणून तिथं त्यांनी तिचं नाव घेतलं. सगळं सभागृह भरलेलं होतं आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. निरोपाचा दिवस होता ना. शेवटी म्हणाले, "ही माणसं गावात परत गेलेली नाहीत. मी गेलो की हे इथं सांगणारा कुणी उरणार नाही, म्हणून सांगितलं."

मंत्री उत्तराला उठले. त्यांनीही सरांच्या आवाजाची तारीफ केली आणि म्हणाले, "सरांनी सांगितलं ते जरूर तपासून पाहू."

मी गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात. मला धरून बाहेर काढलं गेलं, त्यामुळं सरांच्या कारकिर्दीतला शेवटचा फोटो निघाला तेव्हा मी फाटकाजवळच्या पहारेकऱ्याला मी कोण आहे ते पटवत होतो.

तपासायला खरंच एक अधिकारी आला. नाल्याकाठी पालांच्या मधे त्याला खुर्ची दिली. सर आता आमदार नव्हते. एका बाजूला उभे होते. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं कडूबाईला विचारलं, "गावात परत जायला तयार आहात का?"

"तितं काय हाय सायब आता? जागा दुसऱ्यानं नांगरली. पोरगं हितं कंपनीत हंगामी लागलंय."

"म्हणजे नाही."

"न्हाई कसं? आमी गेलोच नव्हतो, ते लिवा. घर भेटलं नाय, ते लिवा."

"बाई, जायचंय का नाही, एवढंच सांगा."

"आता कसं जावं?"

त्यानं लिहिलं. सर पुढं झाले आणि अगदी सभागृहातल्या मराठीत म्हणाले, "त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहावं, अशी विनंती आहे."

अधिकारी म्हणाला, "सर, रकाना एवढासाच आहे." त्यानं वळवून दाखवला. खरंच एवढासाच होता.

पावसाळ्यानंतर अहवाल आला. एका जुन्या सहकाऱ्यानं प्रत पाठवली. 'सदर कुटुंबे गावी परत जाण्यास इच्छुक नाहीत. सबब पुढील कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.' सरांनी ते वाचलं, माझ्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

सर त्यानंतर फार जगले नाहीत. विद्यापीठाला अखेर नवं नाव मिळालं ते त्यांनी बघितलं नाही. आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलो आहे, तिरडीला खांदाही दिला आहे, पण डोळे मिटले की मला दिसतात ते कडूबाईच्या पालात त्या दिवशी बसलेले सर.

डबा उपडा घालून तिनं त्यांना बसायला दिला होता. मला जागा नव्हती, मी दारातच होतो. कळमवाडीत असताना सर त्या वस्तीत कधी पाऊल टाकायचे नाहीत, हे त्यांनीच मला बसमध्ये सांगितलं होतं. त्यांनी अहवाल वाचून दाखवला नाही. गावच्या बोलीत सांगितला.

कडूबाई हातातली परात तशीच धरून म्हणाली, "म्हंजी आमीच नाय म्हनलो?"

"तसं लिवलंय."

"आन घर?"

"नाय भेटायचं."

तिनं परात खाली ठेवली. बाहेर कारखान्याची पाळी सुटली होती, भिंतीपलीकडून सायकली जात होत्या.

सर म्हणाले, "त्या मानसाला म्या आणला हितं. माज्यामुळं आला त्यो."

"तुमी काय करणार. भाकर खाता का?"

तिनं भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. सरांनी तुकडा मोडला. तोंडात घातला. एकच घास ते चावत राहिले, खाली बघून, कोट घातलेले, गुडघे छातीशी आलेले. कडूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होती.

ती शांतता मला सोसेना. मला शांतता कधीच सोसत नाही. मी दारातून म्हणालो, "पण बाई, एका अर्थी बघा, परत जायला इच्छुक नाहीत म्हणजे तुम्ही गेलेलाच नव्हता, हे सरकारनं मान्य केलं. पहिलं उत्तर खोटं ठरलं. म्हणजे तसं बघितलं तर सर जिंकलेच."

सरांनी मान वर केली नाही. कडूबाईनं माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सरांना विचारलं, "ह्याला कशापाई आणता वो सर संगं?"